बगिचा नंतर, आधी हिशोब

रविवारी संध्याकाळी आंभोऱ्याच्या पुलावर माणसांपेक्षा मोबाइल जास्त असतात. नागपूरहून कुहीमार्गे आलेल्या चारचाक्या, भंडाऱ्याकडून आलेल्या दुचाक्या, कठड्याला पाठ लावून उभी असलेली जोडपी आणि पुलाच्या तिरक्या केबली फ्रेममध्ये नीट बसाव्यात म्हणून रस्त्यावरच बसकण मारणारी पोरं. खाली पाणी पसरलेलं असतं. इतकं रुंद की पलीकडचा काठ ओळखायला क्षणभर लागतो. 'समुद्रच वाटतो ना' हे वाक्य तिथे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबात कुणीतरी म्हणतंच. मीही म्हणालो.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे पानी हाय भाऊ. नदी तं खाली हाय. आमची वाडीबी खालीच हाय."

एवढं बोलून ते सायकल हातात धरून पुढे निघून गेले. मी मात्र तेव्हापासून त्या वाक्यापाशी थांबलो आहे. वैनगंगेच्या काठच्या या परिसरात आता जे काही उभं राहणार आहे, म्हणजे नौकाविहार, उद्यानं, पुतळे, 'हेरिटेज' म्हणून मिरवायच्या जागा, ते सगळं या वाक्याला टाळून उभं राहणार असेल, तर त्याला विरोध करायला हवा, असं माझं म्हणणं आहे. हा लेख त्या विरोधाचा आहे.

*

आंभोरा हे गाव तसं नागपूर जिल्ह्यातलं, कुही तालुक्यातलं. पण काठावर उभं राहिलं की समोर भंडारा जिल्हा. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा हा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. नाथपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी इथलीच, अशी लोकांची श्रद्धा. आणि या सगळ्यापेक्षा मोठा दावा असा, की मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो 'विवेकसिंधु' मुकुंदराजांनी इथे, शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये लिहिला. ग्रंथाच्या शेवटी वैनगंगेच्या तीरावरच्या अंबानगरीचा उल्लेख येतो. त्यावरून विदर्भाची मंडळी आंभोऱ्यावर हक्क सांगतात. मराठवाड्यातल्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे, म्हणून तिकडची मंडळी आपला हक्क सांगतात. ग्रंथाच्या काळाबद्दलही अभ्यासकांत वाद आहेत. हे वाद चालू राहोत, वादांनी ग्रंथ जिवंत राहतो. मुद्दा एवढाच की मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचं पहिलं पान ज्या दोन-तीन ठिकाणी उघडतं, त्यांतलं एक ठिकाण हे आहे.

आता याच ठिकाणी जो तारांवर तोललेला पूल झाला आहे तो सुमारे ७०० मीटर लांबीचा आहे. २०२४ साली तो वाहतुकीला खुला झाला. त्याच्या उंच खांबांवर, पाण्यापासून सुमारे ४० मीटर उंचीवर, पर्यटकांना चारही बाजूंनी पाहता यावं म्हणून सज्जा बांधला आहे. पूल हवाच होता. ज्यांनी पावसाळ्यात डोंग्यातून नदी ओलांडली आहे, बाळंतीण अडलेली असताना लांबचा वळसा घेऊन दवाखाना गाठला आहे, त्यांना पुलाची किंमत शिकवायला जाऊ नये. पुलाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार सज्जाबद्दलही नाही. सज्जावरून जे दिसतं त्याबद्दल तिथे कुणी काही सांगत नाही, त्याबद्दल आहे.

कारण सज्जावरून जे दिसतं ते गोसेखुर्द धरणाचं फुगवट्याचं पाणी आहे.

*

गोसेखुर्द धरण पवनीजवळ वैनगंगेवर आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. प्रकल्पाचं अधिकृत नाव इंदिरासागर. भिंत साडेअकरा किलोमीटरच्या आसपास लांब, दरवाजे ३३, आणि उद्दिष्ट भंडारा, नागपूर, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचं. सुरुवातीचा अंदाजखर्च ३७२ कोटी रुपये होता. तो वाढत वाढत १८ हजार कोटींच्या पुढे गेला. मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, मध्ये कालव्यांच्या निकृष्ट कामांच्या चौकशा झाल्या, मध्ये अनेक सरकारं आली आणि गेली. पायाभरणीच्या वर्षी जन्मलेलं पोर आज चाळिशीकडे झुकलं आहे आणि प्रकल्प अजून 'पूर्णत्वाकडे' आहे.

पाणी मात्र वेळेवर चढलं. ज्यांची गावं, शेतं, देवळं, स्मशानं त्याखाली गेली, त्यांना सरकारी भाषेत 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात. 'ग्रस्त' हा शब्द आपण पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्यासाठी वापरतो, म्हणजे ज्यात कुणाचा दोष नसतो अशा आपत्तीसाठी. धरण ही आपत्ती नव्हती, निर्णय होता. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ पासून आहे, आणि नव्या गावठाणात १८ नागरी सुविधा द्यायच्या हे ठरलेलं आहे: पाणी, रस्ते, शाळा, समाजमंदिर, स्मशान वगैरे. तरीही गोसेखुर्दच्या विस्थापितांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, उपोषणं करावी लागली, पाण्यात उतरून आंदोलनं करावी लागली. २०१३ मध्ये सरकारला सुमारे बाराशे कोटींचं विशेष पॅकेज जाहीर करावं लागलं. पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी! ज्या घरात नोकरीचं आश्वासन होतं तिथे नोकरीऐवजी एकरकमी पैसे आले. पैसे मिळाले, ते घरबांधणीत, लग्नात, आजारपणात गेले. नदी परत आली नाही.

नदी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, हे त्या सायकलवाल्या काकाजींनी मला बारा शब्दांत सांगितलं. पावसाळा सरला, पात्र उघडं पडलं की रेतीत डांगरवाड्या लागायच्या. टरबूज, डांगर, काकडी. ज्यांच्या नावावर सातबारा नाही अशा ढिवर आणि इतर कुटुंबांचं उन्हाळ्यातलं पोट त्या रेतीवर चालायचं. वाहत्या पाण्यातली मासोळी वेगळी, साचलेल्या पाण्यातली वेगळी. जाळं वेगळं, डोंगा वेगळा, खोलीचा अंदाज वेगळा. जमिनीचा मोबदला ठरवता येतो कारण जमीन कागदावर असते. रेतीतल्या वाडीचा मोबदला कुठल्या रकान्यात लिहिणार? जे कागदावर नव्हतं ते बुडालं असं मानायलाच व्यवस्था तयार नव्हती.

आता त्या बुडालेल्या गोष्टींच्या वर जलपर्यटन येतं आहे. गोसेखुर्दच्या जलाशयावर मोठा जलपर्यटन प्रकल्प सरकारनं हाती घेतला. त्याचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं. बोटी, जेट्टी, निवासाची सोय, उद्यान. जाहिरातीत 'निसर्गरम्य बॅकवॉटर' असा शब्द असेल. बॅकवॉटर निसर्गानं केलेलं नाही, ते जलसंपदा खात्यानं केलेलं आहे. त्याच्या तळाशी लोकांची जोती आहेत.

*

आपल्याकडे नदीकाठच्या गावाचा 'विकास' करायचा म्हणजे काय करायचं, याचा एक ठरलेला साचा आहे. घाटावर गट्टू बसवायचे. हायमास्ट लावायचा. इंग्रजीत 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव अशी लाल अक्षरं उभी करायची. ओपन जिम. फायबरचा वाघ. एक कारंजं. एका संताचा पुतळा. आणि या सगळ्यात सर्वांत टिकाऊ वस्तू, म्हणजे उद्घाटनाची कोनशिला. पाच वर्षांनी कारंजं बंद असतं, जिमचे दांडे गंजलेले असतात, वाघाचा कान तुटलेला असतो. कोनशिलेवरची नावं मात्र शाबूत असतात.

ही थट्टा नाही. पैठणला जाऊन पाहा. जायकवाडी धरणासाठी शंभरच्या आसपास गावं उठली आणि धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं. मराठवाड्यातल्या एका पिढीच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या, रंगीत कारंजी पाहून पोरं हरखली. मग ते उद्यान उतरणीला लागलं, ओसाड पडलं, बंद पडलं, आणि त्याच्या पुनरुज्जीवनाच्या घोषणा हा स्वतंत्र उद्योग झाला. ज्ञानेश्वरांचं नाव दिल्यानं झाडांना पाणी मिळत नाही. मुकुंदराजांचं नाव दिल्यानंही मिळणार नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण गुजरातेत केवडियाचं. तिथे उद्यान ओसाड पडलं नाही, भरभराटलं. सरदार सरोवराच्या वसाहतीसाठी १९६१ मध्ये केवडियासह सहा गावांतल्या आदिवासींची जमीन घेतली गेली. ती बुडीत क्षेत्रातली नव्हती, म्हणून बरीच वर्षं त्यांना विस्थापित म्हणूनही धरलं जात नव्हतं. २०१८ मध्ये शेजारी १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला. मग जंगल सफारी, मुलांचं उद्यान, फुलांची दरी, मॉल, हॉटेलं. धरणाच्या नावानं घेतलेल्या जमिनीचा परिसर पर्यटनाचा झाला, आणि ज्यांची जमीन गेली ते आपल्याच गावात टपरी लावायला परवानगी मागत राहिले.

म्हणजे उद्यान फसलं तर पैठण होतं आणि यशस्वी झालं तर केवडिया होतं. आंभोऱ्याला यांपैकी काय व्हायचं आहे, हे ठरवण्याच्या बैठकीत आंभोऱ्याचा, समोरच्या काठावरच्या भंडाऱ्यातल्या गावांचा माणूस बसला आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.

*

आता पाण्याबद्दल बोलू. बोटीत बसलेला पर्यटक हात बाहेर काढून पाण्यात बुडवतो, ही जगभरची सवय आहे. या पाण्यात हात घालण्याआधी त्यानं नकाशा पाहावा.

नागपूर शहराच्या मधून नाग नदी वाहते. शहराला नाव देणारी ही नदी, आणि शहरानं तिचं काय केलं हे नागपूरकर नाकाला रुमाल लावून सांगू शकतात. शहराचं सांडपाणी घेऊन ती पूर्वेकडे जाते आणि कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते. एके काळी वाहत्या पात्रात ही घाण निदान पुढे तरी जायची. आता पुढे धरण आहे. पाणी थांबतं, घाणही थांबते. फुगवट्यात जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरतात. लांबून, सज्जावरून, तेही छान दिसतात. त्याच फुगवट्याच्या वरच्या अंगाला भंडारा शहर आहे, जे वैनगंगेचंच पाणी पितं. दूषित पाण्याबद्दल भंडाऱ्याची ओरड जुनी आहे.

नाग नदी स्वच्छ करण्याचा सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्प केंद्रानं मंजूर केला, त्यालाही आता काही वर्षं झाली. आधी ते काम संपवा. हे सांगायला मी पर्यावरणतज्ज्ञ असण्याची गरज नाही. ज्या घरात पाहुणे बोलवायचे त्या घरातली मोरी आधी साफ करतात, एवढंच हे साधं आहे. नागपूर आपलं सांडपाणी आंभोऱ्याला पाठवतं आणि रविवारी त्याच पाण्यावर बोट चालवायला येतं. या व्यवहारात आंभोरा आणि भंडारा यांच्या वाट्याला काय येतं? आठवड्याचे सहा दिवस घाण आणि सातव्या दिवशी प्लास्टिकच्या बाटल्या.

*

'वारसा' या शब्दाचंही आपण असंच काहीसं केलं आहे. वारसा म्हणजे बघायची वस्तू असं ठरवून टाकलं आहे. भंडारा जिल्ह्यात तर ही समजूत फारच विचित्र दिसते, कारण इथला सर्वांत मोठा वारसा रोज वापरात आहे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं आणि इतरांनी बांधलेले शेकडो तलाव इथे आहेत. मालगुजारी गेली, १९५० नंतर ते सरकारकडे आले, आणि आपण त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागलो. आजही धान त्यांच्यावर होतं, ढिवरांची मासोळी त्यांत होते. हा वारसा तिकीट लावून दाखवायचा नसतो, त्याचा गाळ काढायचा असतो. ज्या गावांत मासेमारी संस्थांनी आणि बायकांनी पुढे होऊन तलावांतलं बेशरम उपटलं, देशी पाणवनस्पती लावल्या, तिथे मासे परतले. तिथे कुणी 'आय लव्ह तलाव' अशी अक्षरं लावली नाहीत.

तुमसर तालुक्यात माडगीला वैनगंगेच्या पात्रातल्या खडकावर नृसिंहाचं देऊळ आहे. कार्तिकात यात्रा भरते. नदीत उतरून, खडकावरून चालून माणसं देवाला जातात. त्या जागेचं सगळं मोल नदी वाहती असण्यात आहे. तिथे उद्या काचेचा पूल केला तर देव तिथेच राहील, यात्रा जाईल.

आणि पवनी. गोसेखुर्दच्या भिंतीच्या अगदी जवळचं हे गाव खरं तर आख्ख्या महाराष्ट्रानं पाहायला यायला हवं. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी. जगन्नाथ टेकडीत मौर्यकाळापर्यंत मागे जाणारा एक प्रचंड बौद्ध स्तूप निघाला, व्यासानं सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही मोठा. कोरलेले स्तंभ निघाले, मुचलिंद नागाचं शिल्प निघालं, आणि ब्राह्मी लिपीतले छोटे छोटे लेख निघाले: हा दगड कुणी दिला, हे दान कुणाचं. राजाचं नाव मोठ्या अक्षरांत नव्हे, तर एकेक दगड देणाऱ्या साध्या उपासकांची नावं. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी सार्वजनिक बांधकामावर नाव कोरायचं ते देणाऱ्याचं, अशी रीत होती.

आज त्या टेकडीवर उभं राहिलं तर स्तूप दिसत नाही. माती दिसते, देऊळ दिसतं, खाली बालसमुद्राचं पाणी दिसतं. निघालेल्या वस्तू पवनीबाहेर गेल्या. पवनीच्या शाळेतल्या मुलीला आपल्या गावात काय होतं ते पाहायचं असेल तर दुसऱ्या शहरात जावं लागतं. इथे एक नीट संग्रहालय, टेकडीवर स्तूपाचा पूर्ण आराखडा जमिनीवर आखून दाखवणारी मांडणी आणि मराठीत लिहिलेले चार सरळ फलक, एवढ्याचा खर्च एका कारंज्याच्या पलीकडे फारसा जाणार नाही. पण त्यात बोट नाही, दिवे नाहीत, आणि भूमिपूजनाला शोभेल असं काही नाही.

*

आता माझ्यावर होणारे आरोप मीच मांडतो, म्हणजे वेळ वाचेल.

पहिला आरोप: विदर्भाला नेहमी मागास म्हणता, आणि काही यायला लागलं की तुम्ही आडवे पडता. या आरोपात तथ्य आहे. झाडीपट्टीकडे पाहायला पुण्या-मुंबईला फुरसत नसते. इथली दंडार, इथली नाटकं, इथली बोली यांची आठवण विनोदापुरती येते. पर्यटक आले तर चार पैसे येतील, हेही खरं. पण पैसे येतील कुणाच्या हातात? बोटीचं कंत्राट बाहेरच्या कंपनीला, निवासाचं कंत्राट दुसऱ्या कंपनीला, आणि गावाच्या वाट्याला वाहनतळावर शिट्टी वाजवण्याची नोकरी, हा रोजगार नव्हे. ज्याला पाण्याच्या प्रत्येक वळणाची खोली ठाऊक आहे त्या ढिवराला बोट चालवायचा परवाना मिळत नसेल आणि कालपरवा लाइफ जॅकेट घालायला शिकलेल्याला मिळत असेल, तर या विकासात काहीतरी उलटं आहे.

दुसरा आरोप: धरण झालं, गावं उठली, आता रडून काय उपयोग? पुढे पाहा. पुढे पाहायला माझी हरकत नाही. पण ज्याचं देणं बाकी आहे त्याच्या अंगणात मांडव घालून जेवणावळ उठवायची, आणि त्यानं बिलाचं विचारलं तर 'शुभकार्यात अपशकुन नको' म्हणायचं, याला पुढे पाहणं म्हणत नाहीत.

तिसरा आरोप: तुम्ही जुन्या गावाचं गोड चित्र रंगवता. नाही. जुन्या गावात पूर यायचा, जात होती, सावकार होता, रातांधळं पोर डोंग्यातून पडायचं. नदीकाठची गरिबी गोंडस नव्हती. पण त्या गरिबीतून बाहेर पडायचा मार्ग बुडण्यातून जात नाही, हे समजायला फार शहाणपण लागत नाही.

*

नुसता विरोध करून थांबणं सोपं असतं, म्हणून मागण्या लिहितो. कुणाच्याही टेबलावर ठेवता येतील इतक्या साध्या आहेत.

एक. पुलावर, सज्जाच्या वाटेवर, पर्यटक चुकवूच शकणार नाहीत अशा जागी बुडीत गावांचा नकाशा लावा. प्रत्येक गावाचं नाव, ते कुठे होतं, किती घरं होती, ती माणसं आता कुठल्या गावठाणात राहतात. लाल अक्षरांच्या जागी ही नावं. पवनीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरली होती. या धरणासाठी सर्वांत मोठं दान कुणी दिलं? त्यांनी राजीखुशीनं दिलं नाही हे खरं, मग तेही लिहा.

दोन. जलपर्यटनाच्या प्रत्येक धक्क्यावर पाण्याच्या तपासणीचा अहवाल दर महिन्याला मराठीत लावा. रेल्वे स्टेशनवर गाडीची वेळ लावतात तसा. नागचं पाणी स्वच्छ होऊन येईपर्यंत मुलांना पाण्यात उतरवणारा कुठलाही खेळ सुरू करू नका.

तीन. बोटी, धक्के, खाण्याची दुकानं, वाहनतळ यांचा पहिला हक्क विस्थापितांच्या आणि मासेमारांच्या सहकारी संस्थांना. निविदेच्या अटी अशा घालू नका की तीन वर्षांची कोट्यवधींची उलाढाल दाखवल्याशिवाय अर्जच करता येणार नाही. ज्याचं सगळं बुडालं त्याच्याकडे उलाढाल कुठून येणार?

चार. प्रत्येक पुनर्वसित गावठाणात त्या १८ नागरी सुविधांपैकी काय आहे आणि काय नाही याची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. जिथे नळाला पाणी नाही तिथून दिसणाऱ्या तळ्यात रंगीत कारंजं उडवायचं नाही, हा नियम करा. हा नियम कायद्यात नाही. लाजेत आहे.

पाच. आंभोऱ्याला मुकुंदराजांचं स्मारक करायचंच असेल तर पुतळा शेवटी करा. आधी 'विवेकसिंधु'ची अर्थासह, परवडणाऱ्या किमतीची आवृत्ती काढा आणि दोन्ही काठांवरच्या प्रत्येक शाळेत ठेवा. आठशे वर्षांपूर्वी संस्कृत सोडून लोकांच्या भाषेत ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या माणसाला न वाचता हार घालणं ही त्याची थट्टा आहे. आणि विवेकाचा सिंधु ज्याच्या नावावर आहे त्याच्या गावी पाण्याचा सागर करताना विवेक कुठे गेला, असं विचारायला ती पोरं मोठी झाल्यावर मोकळी राहतील.

*

मी आंभोऱ्याला पुन्हा जाणार आहे. चैतन्येश्वराच्या पायऱ्या चढणार आहे, पुलावर थांबणार आहे, आणि समोर जे दिसतं ते देखणं आहे हे नाकारणार नाही. संध्याकाळचं ऊन त्या पाण्यावर उतरतं तेव्हा कुणालाही थांबावंसं वाटेल. सौंदर्याशी माझं भांडण नाही. पण सुंदर दिसणाऱ्या गोष्टीचा हिशोब विचारू नये, ही सवय आपल्याला लागली आहे, आणि ती सवय सरकारच्या फार कामाची आहे.

म्हणून तुम्हीही जा. फोटो काढा. मग मोबाइल खिशात ठेवा आणि कठड्याशी उभ्या असलेल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, "काकाजी, इथे खाली कोणतं गाव होतं?" ते सांगतील. नाव लक्षात ठेवा, घरी जाऊन लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणी नेता त्या काठावर कुदळ मारायला येईल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी ते नाव मोठ्यानं उच्चारा.